मुंबईचे दात

गेल्या वर्षी माझ्या खालच्या जबड्यात, थेट हाडात, दोन स्क्रू बसवले आणि त्यांवर दात चढवले. तरुण डॉक्टरीणबाईंनी काम सुबक केलं. निघताना त्यांनी एक छापील कागद हातात ठेवला. पहिला आठवडा पातळ आणि कोमट, दुसरा मऊ, मग हळूहळू नेहमीचं, प्रथिनं भरपूर. कोपऱ्यात कसल्याशा हिरव्या विलायती फळाचं चित्र होतं. ते फळ मी अजून खाल्लेलं नाही. बाईंनी प्रेमानं विचारलं, "काका, सगळं समजलं ना?" मी समजलं म्हणालो. पंचवीस वर्षं मी जालन्यात म्हाताऱ्यांच्या कवळ्या बनवल्या, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. बाहेर बाकड्यावर बसून तो कागद वाचताना मला केदारखेड्याचे आप्पा आठवले. त्यांच्याबद्दल आजवर मी कुठं बोललो नाही. ते आता नाहीत आणि माझंही वय झालं, तेव्हा सांगायला हरकत नाही.

आधी धंद्याचं सांगतो. मी दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर पुढच्या खोलीत, पंख्याखाली. मी मागच्या खोलीत, स्टोव्हजवळ. डॉक्टर रोग्याच्या तोंडात मऊ केलेला लाखेसारखा मसाला दाबून हिरड्यांचा ठसा घेत आणि माझ्याकडे पाठवत. मी त्यात प्लास्टर ओतून साचा करायचा, साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात रचायचा. रोग्याच्या तोंडात ते मेण घालून बघायचं, ओठ कसा दिसतो, जबडा कुठं मिटतो. मग मेण काढून त्या जागी गुलाबी प्लास्टिकचा लगदा भरायचा आणि सगळं पितळी डबीत, शिकंज्यात आवळून, पाण्यात उकळायचं. थंड झालं की डबी उघडायची, घासायचं, चकचकीत करायचं. हे काम मी हैदराबादला एका उस्तादाकडे शिकलो होतो. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातलं बाजारपेठेचं गाव होतं, आणि अंबड-भोकरदनपासूनची बोळकी तोंडं आमच्याकडे येत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कवळी चावायला लागते. माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना ती दाखवायला लागे. अंबडच्या कोर्टातले एक निवृत्त कारकून होते. ते कवळी घालून बाजारातून हिंडत, आणि घरी ताट वाढलं की काढून तांब्यात टाकत. जेवताना मधे येते म्हणाले. एका आजीबाईंनी कवळी देव्हाऱ्यात ठेवली होती. लेकानं हौसेनं केली, मग तिला खरकटं कसं लावायचं? दात बसले म्हणजे माणूस जेवायला लागला असं आमचे डॉक्टर धरून चालत. मला मात्र हळूहळू कळत गेलं की दात पडल्यावर माणूस काय खातो हे त्याच्या हिरड्या ठरवत नाहीत, घरचे ठरवतात. गरिबाच्या घरात म्हातारं माणूस सगळ्यांचं तेच खातं, फक्त कालवून, कुस्करून. खात्यापित्या घरात मात्र त्याला 'हलकं' देतात. दूध-भात, शिरा, साबुदाण्याची खीर, चहात बुडवलेला टोस्ट. डाळ जड, पालेभाजी चावत नाही, शेंगदाण्यानं पित्त होतं. अशी माणसं मायेनं उपाशी राहतात.

आप्पा त्यातलेच. रंगनाथ पाटील त्यांचं नाव, पण उभा केदारखेडा त्यांना आप्पा म्हणे. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, रेशनवर अजून अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळत होती. आप्पांच्या जमिनीखालच्या पेवात जुनी देशी ज्वारी होती, गोठ्यात दुभती जनावरं होती. आणि माणूस मात्र वाळून काडी झालेला. पहिल्यांदा आले तेव्हा धोतराचा कासोटा दोनदा आवळावा लागला त्यांना. डॉक्टरांना म्हणाले, "बाकी कायबी नको. ज्वारीची भाकर अन् ठेचा, एवढं खाता आलं पायजे."

मी जीव लावून कवळी केली. आठवड्यानं आप्पा परत आले, बसत नाही म्हणून. डॉक्टरांनी घालून पाहिली, खरंच डुगडुगत होती. वरची टाळूवर टेकतच नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी साचा काढला, कवळी साच्यावर ठेवली, ती तिथंही बसेना. ज्या साच्यावर घडली त्यावरच बसेना, म्हणजे चूक माझीच असणार. दुसरा ठसा घेतला, दुसरी कवळी केली. दहा दिवसांनी तीही वाकडी होऊन आली. आप्पांनी ती काढून टेबलावर ठेवली आणि धोतर आवळत निघून गेले. ते गेल्यावर डॉक्टर मागच्या खोलीत आले. ते तसे कधी येत नसत. तिसरी अशी आली तर औरंगाबादहून दुसरा माणूस बघावा लागेल, एवढंच म्हणाले.

माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. बायको शांता, दोन लेकरं, आणि माझा बा, असे आम्ही जालन्यात एका खोलीत होतो. ती नोकरी गेली असती तर मला परत गावी, वडीगोद्रीला, जावं लागलं असतं, आणि तिथं बोळक्या तोंडांची कमी नव्हती, पण कवळी करून घेणारं कुणी नव्हतं. मी एका रविवारी भोकरदनच्या एसटीत बसलो आणि केदारखेड्याला उतरलो.

आप्पा मळ्यात गेले होते. त्यांच्या सूनबाई कौसल्याबाई दारात आल्या. त्यांनी मला ओट्याखाली, पायरीजवळ पोतं टाकून दिलं. चहा आला तो कान तुटलेल्या कपात. तो कप बाहेरच्या कोनाड्यातून काढला होता. आम्ही बौद्ध. धर्म बदलला तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो. माझी जात गेली असं मला वाटत होतं, पण ती कोनाड्यात जपून ठेवलेली होती. मी चहा प्यालो. मग विचारलं, आप्पा कवळी कशी धुतात?

कौसल्याबाई थोडा वेळ पदराशी खेळत राहिल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, "धुवत न्हाईत भाऊ. उकळून घेत्यात. दोन्ही बारीला आणल्या आणल्या चुलीवर खळखळ उकळल्या, गोमूत्र टाकून. मागच्या खोलीत कोण बनवतंय ते आप्पाला कोणीतरी सांगितलं."

मला काय वाटलं ते नीट सांगतो. आधी हसू आलं. शिकंज्यात आवळून उकळलं तर ते प्लास्टिक घट्ट होतं. पण एकदा मोकळं केलं आणि पुन्हा उकळत्या पाण्यात टाकलं की पिरगळतं. म्हणजे माझे हात चांगले होते, साचा बरोबर होता. आप्पांनी माझा विटाळ काढला आणि त्याबरोबर स्वतःचा घासही. हसू ओसरल्यावर मात्र कान तापले. कौसल्याबाई पुढं सांगत होत्या की आप्पा दूध-भातावरच आहेत, परवा गोठ्यात भोवळ येऊन पडले, रात्रीची भाकरी मागतात आणि मग ताटाकडे बघत बसतात. "काहीतरी करा," म्हणाल्या. मी कप पायरीवर ठेवला आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. ते इतके हसले की बाहेरचा रोगी डोकावला. मग म्हणाले, त्यात काय, दात मुंबईहून मागवले म्हणून सांगू. मला ते आवडलं नाही, पण मी नाही म्हणालो नाही. घरी बाला सांगितलं, आणि हेही सांगितलं की आता तिसरी कवळी मी करणार नाही, नोकरी जायची तर जाऊ दे.

माझा बा तोंडात एकही दात नसलेला माणूस. दात करणाऱ्याचा बाप बोळका, म्हणून गल्लीत लोक मला चिडवत. मी दोनदा त्याच्या मागे लागलो होतो, पण त्यानं ठसा घेऊच दिला नाही. हिरड्या दगडासारख्या झाल्यात म्हणे. तो तुरीच्या आमटीत भाकरी चुरून खाई, मेथी बारीक चिरून घोटायला लावी, शेंगदाण्याचा कूट घाली, अंडं मिळालं तर कुस्करून खाई, वर ताक. रोज दुपारी माझा डबा घेऊन घरापासून दवाखान्यापर्यंत चालत येई आणि माझ्याबरोबरच जेवे. आप्पांपेक्षा तो दोन-चार वर्षांनी मोठाच असेल.

बानं सगळं ऐकलं. म्हणाला, "दात दे. पण खायला शिकवल्याबगर नेऊ देऊ नको."

मी तेच डॉक्टरांना माझं म्हणून सांगितलं. कवळी आठ दिवस दवाखान्यातच राहील, माझ्याजवळ, पाण्याच्या वाडग्यात. आप्पांनी रोज दुपारी यायचं, इथंच खायचं, टोचेल तिथं मी घासून देईन. भाकरी खाता आली की मगच घेऊन जायची. डॉक्टरांना चौथी कवळी नको होती, त्यांनी मान्य केलं.

आप्पांची बहीण जालन्यातच दिलेली होती. ते तिच्याकडे मुक्कामाला आले. डॉक्टरांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं की या वेळी दात मुंबईचे आहेत, आमचा माणूस फक्त घासायचं काम करील. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मेणाचे दात त्यांच्या तोंडात घालून मीच बघितले होते, नखात गुलाबी लगदा अडकलेला त्यांनी पाहिला होता. आप्पा मूर्ख नव्हते. त्यांना गावात सांगायला काहीतरी हवं होतं, ते मिळालं.

पहिल्या दिवशी मी केळं आणि उकडलेला बटाटा खायला लावला. कवळी नवी असली की जीभ तिला दगडासारखी ढकलते, तोंडाला पाणी सुटतं, बोलताना शिट्टी वाजते. दुसऱ्या दिवशी डाव्या कडेला टोचलं, ते घासलं. आता चावायला काहीतरी हवं होतं. मी आप्पांना म्हणालो, बहिणीकडून उद्या भाकरी आणा. दुसऱ्या दिवशी डब्यात शिरा. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत शिरा, वर बेदाणे. दात नवे आहेत, भावाला त्रास नको, अशी त्या माउलीची समजूत. शिऱ्यावर चावायला शिकणं म्हणजे गाळात चालायला शिकणं. कवळी गिळगिळीत होऊन सरकायची आणि आप्पा डबा बंद करून बसायचे.

त्या दुपारी बा डबा घेऊन आला. मागच्या खोलीत, प्लास्टरच्या गोण्यांजवळ आम्ही दोघं बसलो. आप्पा स्टुलावर. बानं भाकरी चुरली, आमटी ओतली, बोटांनी कालवली आणि खायला लागला. आप्पा बघत राहिले. बाचं जेवण बघण्यासारखंच असे. हनुवटी नाकाला भिडे, गाल आत जात, आणि घास मात्र नेमानं खाली उतरत असे.

आप्पांनी विचारलं, "कोण्या गावचे?"

"वडीगोद्री."

"पोरगं दात बनवतंय, अन् तू नाही बसवले?"

"माझी भाकर मला जाती," बा म्हणाला. "तुमाला का जात न्हाई?"

आप्पांनी शिऱ्याचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "घरचे देत न्हाईत."

बानं भाकरीचा चतकोर मोडला. त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि झाकणावर मांडले. झाकण आप्पांच्या बाजूला सरकवलं नाही. दोघांच्या मधे ठेवलं. आणि जसं एखाद्याला नांगर धरायला सांगावं तसं सांगायला लागला. "पुढच्या दातानं तोडू नका, उचकटतंय. तुकडा हातानंच करा. एक या गालात, एक त्या गालात. दोन्हीकडं बराबर चावा. जल्दी करू नका."

हे खरं तर मी सांगायचं होतं. उस्तादानं मला हेच शिकवलं होतं.

आप्पांनी दाराकडे पाहिलं. डॉक्टर पुढं कुणाचा तरी दात उपटत होते, त्या माणसाचं कण्हणं ऐकू येत होतं. आप्पांनी हात पुढं केला, एक तुकडा उचलला, एका गालात घातला. दुसरा उचलला, दुसऱ्या गालात. चावायला लागले. त्यांचा चेहरा मी विसरलो नाही; पण त्यात पश्चात्ताप होता असं लिहिलं तर खोटं होईल. त्या चेहऱ्यावर निव्वळ भूक होती. चतकोर संपला. बानं उरलेली अर्धी भाकरी आमटीसकट पुढं केली, तीही संपली. मग आप्पांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

दुसऱ्या दिवसापासून शांतानं चार भाकरी जास्त थापल्या. आठ दिवसांचे आप्पांनी बारा केले. बहिणीचा शिरा आमच्या लेकरांनी खाल्ला. ठेच्यावरचा तो माणूस बानं डाळीवर आणला, घोटलेली मेथी खायला लावली, ताक प्यायला शिकवलं. जाताना आप्पांनी कासोटा एकदाच आवळला. मला म्हणाले, काम बिलकुल चांगलं झालं. बाला काही म्हणाले नाहीत.

त्यानंतर केदारखेड्याकडून माणसं येऊ लागली, मुंबईचे दात हवेत म्हणून. आप्पा चावडीवर भाकरी खाऊन दाखवत होते. डॉक्टरांनी संधी सोडली नाही. 'मुंबई पद्धतीचे दात' अशी पाटी रंगवून पुढं लावली. तिच्या मागे बसून मी दात रचत राहिलो. माझी नोकरी पक्की झाली होती, आणि खोटं बोलायला मला तोंडही उघडावं लागत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पांच्या नातीचं लग्न निघालं. निमंत्रण डॉक्टरांना आलं. डॉक्टर मला बरोबर घेऊन गेले, कारण त्यांना एकट्याला एसटीत झोप लागायची आणि गाव चुकायचं. मांडव मोठा होता. डॉक्टर पुढच्या पंगतीत बसले. आमची पंगत विहिरीपलीकडं, गोठ्याच्या भिंतीला लागून. मला कुणी सांगितलं नाही, मीच जाऊन बसलो. त्याचीही सवय असते.

आप्पा फेटा बांधून पंगतीतून फिरत होते. अंगावर मांस चढलं होतं, आवाज मोठा झाला होता. नवे व्याही त्यांना मुंबईच्या दवाखान्याचा पत्ता विचारत होते. आप्पांना राहवलं नाही. ते म्हणाले, या दातांना अडकित्ता लागत नाही, आणि पानदानातली अख्खी सुपारी उचलून दाढेखाली घातली.

आवाज आमच्या पंगतीपर्यंत आला. आप्पा तोंडावर हात धरून उभे राहिले. मग डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांच्या हाताला वरण होतं. त्यांनी सवयीनं, न बघता, विहिरीकडं हात केला. आणि आप्पा, नवरीचे आजोबा, सगळी पंगत ओलांडून, विहिरीला वळसा घालून गोठ्यापर्यंत चालत आले. मांडवातली सगळी माणसं मान वळवून बघत होती. आप्पांनी मूठ उघडली. वरची कवळी मधोमध दोन तुकडे झाली होती.

"किसन," ते बोळक्या तोंडानं म्हणाले, "तुझे दात तुटले रे."

व्याही मागं मागं आलेच होते. ते म्हणाले, "आप्पा, हे तर मुंबईचे ना?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्रावळीवरून उठलो, हात धुतले, तुकडे रुमालात घेतले आणि म्हणालो, "मुंबईचेच आहेत. दुरुस्तीला तिकडं पाठवावे लागतील. महिना तरी जाईल."

तुटलेली कवळी जोडायला मला एक दुपार पुरते. डॉक्टरांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी वरण-भातात मान घातली.

तुकडे मी टेबलाच्या खणात ठेवले. मला त्या दिवसांत फार हलकं वाटत होतं. आठवड्यानं आप्पांचा मुलगा विचारून गेला, आले का मुंबईहून? मी म्हणालो, अजून नाही. पंधरा दिवसांनी परत आला. म्हणाला, बायका शिरा करतात, आप्पा ताट सारतात, आणि कालवून भाकरी मागायची तर लाज वाटते, व्याह्यांकडची माणसं घरात आहेत. मी म्हणालो, पोस्टाचं काम आहे, वेळ लागणारच. तो गेल्यावर मी शीळ घालत मेण तापवलं, हे मला आठवतं आणि आजही बरं वाटत नाही.

तीन आठवडे झाले तेव्हा डब्यासाठी चमचा शोधताना बानं खण उघडला. कुणाचे म्हणून विचारलं. मी लग्नातली गोष्ट रंगवून सांगितली. व्याह्यांचा चेहरा कसा झाला तेही. बा हसला नाही.

"जोडाया किती येळ लागतो?"

"दुपारभर."

"मंग उपाशी कोण हाय, दात का माणूस?" त्यानं डबा बाजूला ठेवला. "जोड. मी बसलोय."

तो बसून राहिला. आम्ही दोघंही त्या दिवशी जेवलो नाही. मी सांधा भरला, आवळला, शिजवला, घासून चकचकीत केला. बानं कवळी ओल्या फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं स्वतःच केदारखेड्याला गेला. मी जातो म्हणालो, तर म्हणाला, "तू नको."

संध्याकाळी तो परत आला तेव्हा मी दारातच उभा होतो. विचारलं, बसली का नीट? बसली म्हणाला. आप्पा काय म्हणाले? काही नाही म्हणाला. तो मोरीत पाय धूत होता. मला जे विचारायचं होतं ते मग विचारलं.

"जेवू घातलं का?"

"घातलं की."

"कुठं बसवलं?"

"भायेरच." त्यानं तांब्या पालथा ठेवला, धोतराला हात पुसले. "पण मंग तो बी आपलं ताट घेऊन भायेर आल्ता."